वर्मावर बोट

मुलांच्या इंग्रजी चित्रपुस्तकात ‘वर्म’ या शब्दाशेजारी बहुधा गांडूळ काढलेलं असतं. तेवढ्यावरून वर्म म्हणजे गांडूळ, फार तर पोटातला जंत, हा समज जन्मभर टिकतो. प्रत्यक्षात इंग्रजी माणूस इथे कुळ विचारत नाही. लांबट, मऊ, बिनपायाचं काही वळवळलं की ते वर्म. जुन्या इंग्रजीत साप आणि ड्रॅगनही याच शब्दात मोडत. लिनियससारख्या शास्त्रज्ञानेसुद्धा १७५८ मध्ये जंत, गोगलगायी, शिंपल्या असा सगळा गोतावळा ‘व्हर्मिस’ नावाच्या एकाच वर्गात कोंबला होता.

रिंगवर्म म्हणजे नायटा. त्यात किडा नसतोच; ती बुरशी. सिल्कवर्म ही पतंगाची अळी.

मराठीने जागा पाहून नावं ठेवली: मातीत गांडूळ, पोटात जंत, फळात अळी आणि पायातून बाहेर पडायचा तो नारू. (भारत नारूमुक्त झाल्याचं २००० साली जाहीर झालं.)

मालवणच्या किनाऱ्याला खरा ताप मात्र शिपवर्मचा. खाऱ्या पाण्यात राहिलेल्या होडीच्या फळीवर बाहेरून टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. ठोकून पाहिलं तर आवाज बद्द येतो, आणि फळी फोडली की आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळी. हे काम करणारा प्राणी किडा नाहीच. तो चक्क शिंपला आहे, मालवणी ताटातल्या तिसऱ्यांचा लांबचा भाऊबंद! त्याच्या तोंडाशी दोन इवल्या शिंपा असतात. त्यांनी तो लाकूड किसतो, मागे राहिलेल्या बोगद्याला चुन्याचं अस्तर लावतो आणि कल्ल्यांतल्या जीवाणूंच्या मदतीने लाकूड पचवतो. त्यावर उपाय म्हणून होडीला काजूच्या टरफलांचं तेल चोपडायची रीत पडली.

उलटी फसगत आंबोलीत होते. पावसाळ्यात दगड उलटला की खाली गांडुळासारखं काहीतरी सरपटतं. लोक गांडूळ म्हणून सोडून देतात, नाहीतर साप समजून ठेचतात. तिथेच सापडलेल्या एका जातीला २००३ मध्ये ‘गेगेनिओफिस डॅनिएली’ हे नाव मिळालं, पक्षी-प्राणी अभ्यासक जे. सी. डॅनियल यांच्यावरून. मराठीत अशा प्राण्याला देवगांडूळ म्हणतात, पण तो बेडकाच्या गोतातला उभयचर. पाठीला कणा, जबड्यात दात, डोळे कवटीच्या हाडाखाली झाकलेले. आणि त्याच्या खाण्यात असतात गांडुळं.