आमचा शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर

गेल्या गणेशोत्सवाच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. येथील रामबागेतील एका मंडळाची चार मुले आमच्याकडे आली. त्यांतील दोघे आमच्याच शाळेतून शिकून बाहेर पडलेले. आमच्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, काळ्या पत्र्याची एक अवजड पेटी गेली तीस वर्षे ठाण मांडून आहे. ती आम्ही स्वतःच्या हातांनी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची. ती दहा दिवसांसाठी मागावयास मुले आली होती. मागणी करून झाल्यावर एकाने मुद्द्याचा प्रश्न विचारला, "सर, किती वॅटचा आहे?"

"एका बाजूस शंभर," आम्ही काहीशा अभिमानाने म्हणालो.

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. अखेर त्यांतील धीट मुलगा म्हणाला, "सर, आमच्या घरच्या छोट्या डब्यावर तर पाच हजार लिहिलंय!"

त्याला आम्ही तो डबाच घेऊन यावयास सांगितले. डब्याच्या दर्शनी बाजूस सोनेरी अक्षरांत पाच हजार वॅट होते खरे. मागील बाजूस बारीक अक्षरांत लिहिले होते की, हा डबा ४० वॅट वीज घेतो. ४० वॅट घेणारा ५००० कोठून देणार? मुले शास्त्र शाखेची. न सांगता समजली. मात्र मग शंभर वॅटचा हा खटाटोप आम्ही तरी कशासाठी केला, असे त्यांनी विचारले. त्याचे उत्तर थोडे लांबले. तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे वडील, ज्यांना घरात सारे अण्णा म्हणत, येथील एका कापड गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. एका छपराखाली शेकडो माग, आणि प्रत्येक मागात धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे ठोकला जाई. त्या गदारोळात अण्णांनी पंचवीस वर्षे काढली. कानात कापसाचा बोळा, एवढाच काय तो बचाव. घरी आल्यावर ते आईशी ओरडून बोलत आणि आपण ओरडतो आहोत हे त्यांच्या ध्यानीही येत नसे. गाण्याचे मात्र त्यांना विलक्षण वेड. उस्ताद अमीर खाँ म्हणजे आम्हां इंदूरकरांना घरचेच माणूस. ते १९७४ साली गेले, तेव्हा अण्णा दोन दिवस जेवले नव्हते, असे आई सांगे. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला की, अण्णा रेडिओला कान लावून बसत. पुढे पुढे कान लावूनही भागेनासे झाले. "आवाज येतो रे, गाणं येत नाही," असे ते म्हणत.

१९८६ साली आम्ही सतरा वर्षांचे होतो. कमी ऐकू येते, तर आवाज मोठा केला म्हणजे झाले, एवढीच आमची समजूत. तयार स्टीरिओ घेण्याची ऐपत नव्हती; आणि त्या काळी गल्लोगल्लीची मुले सोल्डरिंगची कांडी हाती धरून असे यंत्र घरीच जुळवीत. १९६९ पासून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' या इंग्रजी मासिकातील आराखडे हातोहात फिरत. आम्हीही एलए ४४४० नावाची चौदा पायांची आय.सी. आणली, बारा व्होल्टच्या विजेवर ती चालविली आणि अण्णांच्या उशाशी स्पीकर ठेवला. दोन वाहिन्या जोडून एक केल्या, तरी तिची शक्ती १९ वॅटपर्यंतच. बटण निम्म्यापुढे नेले की, गाणे फाटू लागे. अण्णांनी कानावर हात ठेवला आणि काही न बोलता ते उठून गेले. तो प्रसंग आम्ही विसरलो नाही.

गाणे फाटते म्हणजे काय होते, हे समजावयास आम्हांस पुढे काही वर्षे लागली. ध्वनीची लाट वर चढते आणि खाली उतरते. अ‍ॅम्प्लिफायरला जेवढा विद्युत्दाब पुरविलेला असतो, त्यापलीकडे तो लाटेचा माथा नेऊ शकत नाही. मग तो माथा छाटला जातो. जेथे गोलाई हवी तेथे सपाटी येते, आणि त्या छाटण्यातून मूळ गाण्यात नसलेले कर्कश सूर उत्पन्न होतात. म्हणजे दोष मोठ्या आवाजाचा नव्हता. अपुऱ्या शक्तीचा होता.

येथे थोडा हिशेब सांगणे प्राप्त आहे. घरगुती खोलीत गाणे ऐकावयास सरासरी एक वॅट पुष्कळ झाला. परंतु गाणे सरासरीने चालत नाही. संथ आलापी चालू असता तबल्याची एखादी थाप येते, किंवा गायक एकदम तार षड्जाला भिडतो. असा क्षण सरासरीपेक्षा २० डेसिबलने वर जाऊ शकतो. डेसिबलचे गणित असे की, ३ डेसिबल वाढवावयास शक्ती दुप्पट लागते, १० वाढवावयास दहापट आणि २० वाढवावयास शंभरपट. तेव्हा एका वॅटवर चाललेले गाणे त्या क्षणी शंभर वॅट मागते, तेही निमिषभरासाठी. उरलेला सारा वेळ नव्याण्णव वॅट स्वस्थ बसून असतात. शंभर वॅट हवेत ते मोहल्ला हलविण्यासाठी नव्हेत, थाप फाटू नये म्हणून हवेत.

१९९४ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून आम्ही हे काम आरंभिले. आठ ओहमच्या स्पीकरला शंभर वॅट द्यावयाचे तर लाटेचा माथा ४० व्होल्टपर्यंत चढावा लागतो आणि त्या क्षणी ५ अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणून ३२-०-३२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतला. त्यातून दोन्ही बाजूंस सुमारे ४५ व्होल्ट मिळतात. प्रत्येक वाहिनीस २एन३७७३ या क्रमांकाचे चार ट्रान्झिस्टर घेतले. सर्व एकाच, एनपीएन, जातीचे. कारण त्यांच्या जोडीचे पीएनपी आमच्या बाजारात सहजी मिळत नसत. एकाच जातीवर दोन्ही दिशांचे काम भागविण्याची युक्ती एच. सी. लिन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली होती. आमच्यासारख्या असंख्य हौशी लोकांवर तिचे उपकार आहेत.

पहिल्याच दिवशी दोन ट्रान्झिस्टर जळाले. करवतीने त्यांची टोपी कापून पाहिली. अस्सल मालात आत नखाएवढी चकती असते. यात तांदळाच्या कणीएवढी. ज्या दुकानातून ते आणले तेथे आम्ही पुन्हा गेलो नाही, पण धडा मिळाला. त्यानंतर विजेच्या वाटेत शंभर वॅटचा साधा बल्ब सीरिजमध्ये जोडल्यावाचून आम्ही कोणतेही नवे यंत्र सुरू केले नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत कोठेतरी चूक आहे, आणि ती बल्बाने अंगावर घेतली, असे समजावे. ज्यांच्या घरी मुले हा नाद करतात, त्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पेटीला अर्थिंग हवेच. शिवाय बटण बंद केल्यावरही आतील मोठे कपॅसिटर वीज धरून ठेवतात. ते रिकामे केल्याखेरीज आत बोट घालू नये.

जोडणीतील एक लहानसा रेझिस्टर आम्हां मास्तर मंडळींस विशेष आवडावा असा आहे. बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा थोडा अंश तो माघारी आणतो. मूळ ध्वनीशी त्याची तुलना होते आणि झालेली चूक यंत्र स्वतःच दुरुस्त करते. यास निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. ही कल्पना अमेरिकेतील अभियंता हॅरॉल्ड ब्लॅक यास २ ऑगस्ट १९२७ रोजी, हडसन नदीवरील फेरीबोटीतून कामावर जाताना सुचली आणि हाती असलेल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने ती उतरवून काढली. या बदल्यात यंत्राला आपली बरीचशी वाढविण्याची क्षमता सोडून द्यावी लागते. जोर थोडा सोडला, तर खरेपणा मिळतो.

सर्वांत अधिक दिवस गेले ते घूं असा बारीक आवाज घालविण्यात. सर्व अर्थच्या तारा एकाच बिंदूशी आणून जोडल्या, तेव्हा तो गेला. त्या रात्री यंत्र सुरू केले, तर चालू आहे की बंद हे कळेना, एवढी शांतता. मग अमीर खाँ साहेबांच्या मारव्याची कॅसेट लावली. बटण हळूहळू पाव भागापर्यंत नेले. अण्णा खुर्ची थोडी पुढे घेऊन बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तंबोरा लागला रे."

आम्ही हुरळून बटण आणखी पुढे सरकविले. अण्णांनी लगेच हात वर केला. "बस. आता दुखतं."

याचा उलगडा पुढे कानाच्या डॉक्टरांनी केला. त्यांनी काढलेल्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा होता. गोंगाटाने खचलेल्या कानाची हीच खूण. आतल्या ज्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी ध्वनी टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र निरोगी कानाइतकाच, कधी त्याहूनही लवकर, असह्य होतो. ऐकू येणे आणि दुखणे यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी तेवढी उरते. आमच्या शंभर वॅटनी अण्णांना त्यांचे कान परत दिले नाहीत. बंदिशीतील शब्द त्यांना अखेरपर्यंत उमगले नाहीत. त्या अरुंद पट्टीत मात्र न फाटलेले गाणे मिळाले, आणि ते २००३ सालापर्यंत, म्हणजे जाईपर्यंत, त्यांनी रोज ऐकले. ज्या ठिकाणी त्यांनी हात वर केला होता, तेथे बटणाशेजारी आम्ही लाल रंगाची एक रेघ ओढून ठेवली.

हे सारे आम्ही त्या मुलांना सांगितले. हेही सांगितले की, ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, ही कानाची साधारण मर्यादा मानली जाते आणि पुढे दर ३ डेसिबलला तो अवधी निम्मा होतो. १०० डेसिबलला पाव तास. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोराला हा पाव तास केव्हा संपला हे कळत नाही. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे. ती कागदावरच राहते, हे आम्हीही जाणतो. म्हणून पेटी देण्यास आमची एकच अट होती : आरतीपासून रात्री दहापर्यंत आम्ही स्वतः तिच्याशेजारी बसू आणि बटण लाल रेघेपुढे जाणार नाही.

मुले विचार करून सांगतो म्हणाली. मंडळाने भाड्याची स्पीकरची भिंत आणली. दहा दिवस आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरत होती.

नवरात्रात मात्र तो धीट मुलगा एकटाच आला. हातात नवी सोल्डरिंगची कांडी आणि वही. "सर, तुमची जोडणी उतरवून घेऊ?" असे त्याने विचारले. उतरवून घेताना त्याचे लक्ष त्या लाल रेघेकडे गेले.

"माझे आजोबाही गिरणीतच होते," तो म्हणाला. "घरी टीव्ही फार मोठ्यानं लावतात, म्हणून सगळे त्यांना ओरडतात."

आम्ही त्याला पहिला बल्ब सीरिजमध्ये कसा जोडावा ते दाखविले. रेघ कोठे ओढावयाची हे आजोबांना समोर बसवून ठरव, एवढेच सांगितले.