मागच्या वर्षीचा रेट आला कुठून?



तुमच्या कॉम्प्युटरवर 'रेट फायनल', 'रेट फायनल नवीन' आणि 'रेट फायनल नवीन २' अशा तीन फाईल आहेत का? असतील तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. व्हिडिओत हा विषय मी घाईत उरकला होता, इथे जरा निवांत बोलू.

आधी माझीच फजिती सांगतो. ट्रेनिंगकडे वळण्याआधी माझा मसाल्याचा छोटा धंदा होता. एका कॅन्टीन कंत्राटदाराला मी कांदा-लसूण मसाला द्यायचो. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा ६०० किलोचं कोटेशन मागितलं. मिरची किलोमागे ६० रुपयांनी वाढली होती. मी जुनी शीट उघडली, नवे भाव टाकले, खालचा आकडा पाहिला आणि कोटेशन पाठवून दिलं. आकडा दोन-तीन रुपयांनीच हलला होता. मला शंका आली नाही, उलट बरंच वाटलं!

झालं होतं काय, तर मधल्या काळात मी किंवा माझ्याकडच्या मुलाने मिरचीच्या खर्चाच्या खान्यातला फॉर्म्युला पुसून तिथे थेट आकडा टाकला होता. वरचा भाव बदलला, तो खाना जागचा हलला नाही. किलोमागे ३१ रुपये अंगावर आले. म्हणजे १८,६०० रुपये. कोणी केलं, कधी केलं, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

पैसे गेले ते गेले. पण नवा रेट काढायला बसलो तेव्हा खरा घाम फुटला. पहिल्या वर्षीचा रेट मी काढला कसा होता? दळताना घट किती धरली होती? पॅकिंग त्यात होतं की वेगळं? उत्तर माझ्याकडे होतं, ते काढण्याची वाट मात्र हरवली होती.

हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं समजू नका. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही झालंय, आणि ते त्यातून बाहेर कसे पडले ती गोष्ट आपल्या कामाची आहे.

'ओशन हेल्थ इंडेक्स' नावाचा एक प्रकल्प आहे. समुद्राच्या तब्येतीचं प्रगतिपुस्तक म्हणा. मासेमारी, किनाऱ्यावरच्या लोकांचा रोजगार, पाण्याची स्वच्छता अशी १० उद्दिष्टं आणि प्रत्येकाला १०० पैकी गुण. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांच्या पुढाकाराने हे काम झालं. २०१२ मध्ये 'नेचर' या नामांकित नियतकालिकात पहिला निकाल आला. त्यात १७१ किनारी देश आणि प्रदेश होते, आणि सगळ्या जगाला मिळून गुण मिळाले १०० पैकी ६०.

प्रगतिपुस्तक दरवर्षी निघालं तरच त्याला अर्थ. म्हणून पुढच्या वर्षी ताजे आकडे घालून तेच गणित पुन्हा करायचं ठरलं. आणि तिथे गाडी अडली. माणसं तीच, पद्धत त्यांनीच शोधलेली, सोबत शंभरावर पानांची पुरवणी लिहिलेली. तरी स्वतःचंच काम पुन्हा करताना त्यांची दमछाक झाली. कारण पुरवणीत शास्त्र लिहिलं होतं. आलेले आकडे साफ कसे केले, कोणती ओळ का काढली, कोणती फाईल शेवटची, हे रोजचं काम प्रत्येकाच्या डोक्यात आणि प्रत्येकाच्या आपापल्या फाईलमध्ये होतं. माझ्या मिरचीच्या खान्यासारखंच!

मग त्यांनी कामाची हत्यारंच बदलली. आकडेमोड 'आर' या फुकट भाषेत लिहायला घेतली. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी ती सुरू केली. फाईलमध्ये झालेला प्रत्येक बदल नोंदवायला 'गिट' घेतलं. ते लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये तयार केलं, तेही फुकट. आणि अहवाल 'आर मार्कडाऊन'मध्ये, म्हणजे मजकूर आणि त्यामागचं गणित एकाच साध्या फाईलमध्ये.

या सगळ्यांत समान गोष्ट कोणती? सगळं प्लेन टेक्स्ट. नोटपॅडमध्ये उघडेल, वाचता येईल असा साधा मजकूर. शीटमध्ये आकडा वर दिसतो आणि गणित खान्याच्या आत लपलेलं असतं. साध्या मजकुरात गणितच समोर असतं, पाककृतीसारखं ओळीने लिहिलेलं. आणि एक ओळ जरी बदलली तरी गिट जुनी आणि नवी ओळ समोरासमोर दाखवतं, कोणी बदलली आणि कधी तेही सांगतं. बदल नोंदवताना 'का बदललं' हे एका ओळीत लिहायचं असतं. माझ्याकडे ही एक ओळ असती तर आज त्या मुलाकडे मी उगाच संशयाने पाहिलं नसतं.

लपलेल्या गणिताने किती गोंधळ होतो बघा. कारमेन रेनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये निबंध लिहिला की देशावरचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ मंदावते. थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्याला ते आकडे काही जुळेनात. त्याने त्यांच्याकडून मूळ एक्सेल शीट मागवून घेतली. सरासरीच्या फॉर्म्युल्यात २० पैकी ५ देश आलेच नव्हते! वाद फक्त तेवढ्यावर नव्हता, कोणते आकडे घेतले आणि कशाला किती वजन दिलं यावरही होता. पण फॉर्म्युल्याची चूक लेखकांनीही मान्य केली. शीट हातात येईपर्यंत ती कोणाला दिसलीच नव्हती.

एक्सेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी अजूनही वापरतो. पण त्याला न विचारता मदत करायची खोड आहे. 'मार्च१' नावाचं माणसाचं एक जनुक आहे, इंग्रजीत टाईप केलं की एक्सेल त्याची १ मार्च ही तारीख करून टाकायचं. हे इतकं वाढलं की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलली. तुम्ही म्हणाल, आम्हाला जनुकांशी काय करायचंय? बरं, मग हळदीचा एचएसएन कोड ०९१० टाईप करून बघा. पुढचं शून्य जातं, ९१० उरतं. सोळा आकडी खातं नंबर टाका, शेवटचा आकडा शून्य होतो. मराठी नावांची साधी सीएसव्ही फाईल थेट उघडली तर बऱ्याचदा नावांच्या जागी गिचमिड चिन्हं दिसतात.

आता तुमच्या धंद्यात हे आणायचं कसं? गिट आणि आर उद्या सकाळी शिकायला बसू नका. त्या शास्त्रज्ञांनीही एका झटक्यात बदल केला नाही. त्यांना काही वर्षं लागली, एकेक सवय बदलत गेले. २०१७ मध्ये ज्युलिया स्टुअर्ट लाउंड्स आणि सहकाऱ्यांनी हा सगळा प्रवास लिहून काढला. त्यात ते सांगतात की दरवर्षी तेच काम करायला लागणारा वेळ कमी होत गेला आणि वाचलेला वेळ पद्धत सुधारण्यात घालता आला.

पहिली सवय तर आपल्या आजोबांच्या पेढीवर होतीच. रोजमेळ आणि खतावणी. रोजमेळात जे घडलं ते त्याच दिवशी लिहायचं, खोडायचं नाही. चुकलं तर काट मारून खाली दुरुस्ती लिहायची. खतावणी त्यातून तयार व्हायची, आणि गेली तरी रोजमेळावरून पुन्हा उभी करता यायची. तसंच एक 'कच्चं' नावाचं फोल्डर करा. व्यापाऱ्याची बिलं, बाजारभाव, ऑर्डरी जशा आल्या तशा तिथे ठेवा आणि त्यांना हात लावू नका. साफसफाई, गाळणी, बेरीज सगळं दुसऱ्या फोल्डरमध्ये.

दुसरी, रेटची पाककृती साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहा. अगदी मराठीत. 'मिरचीचा भाव अमुक तारखेच्या बिलातून घेतला. दळताना घट ४ टक्के धरली, कारण मागच्या तीन घाण्यांत तेवढी आली. पॅकिंग धरलं आहे. वाहतूक धरलेली नाही.' शीट राहू दे, पण शीटमधल्या प्रत्येक आकड्याची ओळ इथे सापडली पाहिजे. माझ्या अनुभवाने यातली 'कारण' असलेली वाक्यं सर्वांत महागाची. तीच कोणी लिहीत नाही.

हे अंगवळणी पडलं, प्रॉडक्ट वाढले, हाताखाली दोन-तीन माणसं आली, की मग गिट घ्या. ऑनलाईन ठेवायचं असेल तर खातं प्रायव्हेटच ठेवा. ग्राहकांचे नंबर आणि तुमचे खरेदीभाव जगाला दाखवायचे नाहीत. जीएसटीचा हिशोब तुमच्या अकाउंटंटच्या सॉफ्टवेअरमध्येच राहू दे, तिथे प्रयोग नको. आणि महिन्याला दहा बिलं होत असतील, माल एकच असेल, तर चांगली वही पुरे. उगाच हत्यारं गोळा करू नका.

सुरुवातीला वेळ जास्त जाईल, हे आधीच सांगतो. सीझनच्या तोंडावर सुरू केलं तर चिडचिड होईल आणि सोडून द्याल. मंदीच्या महिन्यात घ्या, आणि एकाच प्रॉडक्टचं घ्या. माझ्याकडे आता कोर्सची फी काढायलासुद्धा अशी फाईल आहे. बायको हसते, पण मागच्या महिन्यात हॉलचं भाडं वाढलं तेव्हा नवी फी काढायला मला चहा गार व्हायच्या आत जमलं.

फाईल नीट झाली की नाही हे ओळखायचं कसं? फोल्डर तुमच्या हाताखालच्या माणसाला द्या. तुम्ही बाहेर जा, फोन बंद ठेवा. मागच्या ऑर्डरचा रेट त्याला पुन्हा काढायला सांगा. परत आल्यावर त्याचा आकडा आणि तुमच्या कोटेशनवरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा. जिथे फरक पडेल, तिथली ओळ लिहायची राहिली आहे.