‘उडान’ची भरपाई कोणाला मिळते?

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘उडान’ या केंद्राच्या स्वस्त प्रादेशिक विमानप्रवासाच्या योजनेतली विमानसेवा सुरू झाली. या योजनेच्या भरपाईतून विमानतळाचा रोजचा खर्चही भागतो, असा समज बराच पसरला आहे. तसे नाही. व्यवहार्यता तफावत निधी (स्वस्त तिकीट आणि खरा खर्च यांतल्या तुटीची भरपाई) विमान कंपनीला मिळतो, तोही ३ वर्षे. महाराष्ट्रात त्यातला २० टक्के वाटा राज्याचा. हे एसटीसारखेच आहे: अर्ध्या तिकिटाची भरपाई सरकार देते, पण स्टँडचे गळके छप्पर दुरुस्त करायला पैसे वेगळेच लागतात. उलट, ‘उडान’च्या विमानांना उतरण्याचे आणि थांबण्याचे शुल्कच माफ असते. धावपट्टीचे दिवे, अग्निशमन बंब, पहारा यांची तरतूद स्वतंत्रच हवी. चौथ्या वर्षाचा हिशेब तर पहिल्याच वर्षी मांडायला हवा.