शेवटची पाळी कधी?

भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडीच्या कोप्या पडल्या की आरोग्यसेविकेची एक फेरी वाढते. दिवसा बाया फडात असतात, म्हणून सिस्टर आशाताईंना घेऊन संध्याकाळी निघते. इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका फेरीत मी तिच्यासोबत होते.

बीडकडची एक बाई पुढे आली, कडेवर वर्षाच्या आतलं मूल. "दिवस गेल्यावानी वाटतंय."

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"बाळंत झाल्यापासनं आलीच न्हाई. अंगावर पाजतेय की."

इथेच हिशेब अडतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख काढतात. बाळ दिवस भरून आलं की अपुऱ्या दिवसांचं, वजन कमी का भरलं, हे सगळं पुढे त्या तारखेवर ठरतं. पाजण्याने दिवस राहायचे टळतात, पण ते पहिल्या सहा महिन्यांपुरतं, तेही बाळ निव्वळ अंगावर पीत असेल आणि पाळी आली नसेल तरच. स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे पाळी न दिसताच पुन्हा गर्भ राहतो. सिस्टरने लघवीची तपासणी केली, मूल ठेवायचं का हे तिला बाजूला नेऊन विचारलं आणि सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफीच दिवस नेमके सांगते.

बाकीच्या बाया तोवर जवळ सरकल्या होत्या. 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनने पुढे कधीच मूल राहत नाही, असं एकीचं म्हणणं. हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. त्याने पाळी अनियमित होते, कित्येकींची थांबते, आणि बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने जातात. सिस्टरने ते महिने बोटांवर मोजून दाखवले. नकळत गरोदरपणात गर्भनिरोधक गोळी घेतली गेली तर बाळात व्यंग येतं, ही भीतीही निराधार. तांबीबाबत मात्र ती कडक बोलली. तांबी असताना दिवस राहणं विरळाच, पण राहिले तर लगेच दवाखाना गाठायचा: गर्भ नळीत नाही ना, हे पाहायला हवं. दोरा दिसत असेल तर तांबी लवकर काढतात, कारण आत राहिली तर गर्भपाताचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो.

मला सगळ्यात जास्त टोचतो तो दोन बाळंतपणांतल्या अंतराचा प्रश्न. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याआधी, विशेषतः सहा महिन्यांच्या आत, दिवस राहिले तर बाळ लवकर किंवा कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. इथे तर आईच्या अंगात रक्त भरायच्या आतच तिच्या डोक्यावर उसाची मोळी येते. उचल नवरा-बायकोच्या जोडीवर घेतलेली, त्यामुळे सुट्टी मागायची कुणाकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या निम्म्याच्या आसपास विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं. पाळणा थांबवायला आपली यंत्रणा शिकली आहे. लांबवायला तिने तेवढीच मेहनत घ्यायला हवी.

एकीने पत्र्याच्या पेटीतून 'अंतरा'चं कार्ड काढलं. तारीख उलटून आठवडा झाला होता. चार आठवड्यांपर्यंतचा उशीर चालतो, असं सांगून सिस्टरने तिला दुसऱ्या दिवशी उपकेंद्रावर बोलावलं. त्यानंतरचा डोस पडणार होता टोळी गावी परतल्यावर. सिस्टरने तिच्याकडून गावच्या आशाताईंचा नंबर घेतला आणि तिथूनच फोन लावला.