इंजिनाची राखीव शक्ती

बंगळूरला नोकरीस असलेला माझा भाचा गेल्या दिवाळीत घरी आला, तो मोठ्या उत्साहात. त्याने एक जुनी, परंतु उत्तम स्थितीतील जर्मन स्पोर्ट्‌स कार विकत घेतली होती. तिची शक्ती चांगली चतुर्थांशाने वाढवून देणारा एक कारागीरही त्याला भेटला होता. आणि नवल असे की, त्यासाठी इंजिन उघडण्याचीदेखील गरज नव्हती. "मामा, हे खरे असेल का?" असे त्याने मला विचारले.

हे खरे आहे. पूर्वी हवा व पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करी आणि ठिणगीची वेळ एक यांत्रिक योजना सांभाळी. १९७९ साली बॉशची मोट्रॉनिक ही रचना बीएमडब्ल्यूच्या एका मोटारीत आली आणि ही दोन्ही कामे एकाच संगणकाकडे गेली. त्याच्या स्मृतीत कोष्टके असतात : इंजिनाचे फेरे इतके, आत येणारी हवा इतकी, तर पेट्रोल इतके द्यावे आणि ठिणगी अमुक क्षणी पाडावी. टर्बोचार्जर असल्यास हवा किती दाबाने भरावी, हेही तोच ठरवतो. कारागीर बदलतो ती ही कोष्टके.

मग ही शक्ती येते कोठून? ती निर्मात्याने राखून ठेवलेली असते. हीच मोटार कोणी हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर, वैशाखाच्या उन्हात, घाट चढताना चालवील, हे जाणून तो हवेचा दाब बेताचा ठेवतो. दाब वाढवला की हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्तीही अधिक. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा आत ढकलणारे कोणी नसल्यामुळे लाभ अगदीच थोडा होतो. मात्र दाब व उष्णता मर्यादेबाहेर गेली, तर उरलेले मिश्रण ज्योतीची वाट न पाहता आपोआप पेटते आणि पिस्टनवर घणाचे घाव बसू लागतात. कारागिराने खर्ची घातलेली राखीव शक्ती ही वस्तुतः इंजिनाच्या दीर्घायुष्याची ठेव असते.

आता धुराड्याकडे वळू. जळालेला वायू अडखळत बाहेर पडला, तर इंजिनाची काही शक्ती त्याला ढकलण्यातच खर्च होते. म्हणून रुंद, कमी वळणांची नळी बसवतात. टर्बोच्या पुढील भागात तिचा उपयोग होतो. पण नळी अतिरुंद झाली, तर वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ घटूही शकते. पुष्कळदा पैसे मोजून पदरात पडतो तो केवळ आवाज.

खरा प्रश्न उत्प्रेरकाचा आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा लेप असलेली ही जाळी विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांना बऱ्याच अंशी निरुपद्रवी करते. तिचे काम नीट व्हावे, म्हणून वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण राखावे लागते. ही जाळी वाटेतला अडथळा म्हणून काढून टाकली, तर संवेदक तक्रार करतो; मग त्याचे तोंड बंद करण्याचे कामही संगणकाकडूनच करवून घेतात. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींत परीक्षेची वेळ ओळखणारे सॉफ्टवेअर उघडकीस आले, तेव्हा न दिसणाऱ्या चार ओळी सर्वांच्या श्वासाशी कशा निगडित असतात, हे जगाला कळले.

आपल्याकडे मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली.

"पण मामा, गाडी माझी, पैसे माझे!" भाचा म्हणाला. मी म्हटले, "इंजिन तुझे, हे मान्य. पण धुराड्यातून बाहेर पडलेली हवा आणि मध्यरात्रीचा तो आवाज, ही तुझी मालमत्ता राहत नाही." तो हसला, पण विचारात पडला. पुढे त्याने त्या पैशांतून उत्तम टायर व ब्रेक घेतले आणि वेगाची हौस कोइंबतूरच्या शर्यतीच्या मार्गावर जाऊन भागवली. आहे तीच शक्ती आपण पूर्णपणे वापरलेली नव्हती, असे त्याने मला तेथून कळवले.