आधी श्वास सोडायला शिका

लखनौहून कुठल्याही दिशेने निघालात तरी समुद्र आठशे किलोमीटरच्या अलीकडे भेटत नाही. पण स्कुबा डायव्हिंगमधला सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा धडा लखनौतच, केडी सिंग बाबू स्टेडियमच्या तरणतलावात किंवा तशा कोणत्याही छातीभर पाण्यात गिरवता येतो. त्याचा खोलीशी संबंध नाही, आणि उत्तम पोहता येण्याशीही फारसा नाही. तोंडाने श्वास घ्यायचा, नाकाला पाणी लागलं तरी बिचकायचं नाही आणि घेतलेला श्वास पूर्ण सोडायचा, एवढाच तो धडा आहे. मालवण-तारकर्लीला सुटीत जाऊन पहिल्यांदाच पाण्याखाली उतरणारे बहुतेक पर्यटक मात्र नेमका तोच गाळून थेट समुद्रात जातात.

नवशिक्याची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘हवा पुरत नाही.’ टँक भरलेला असतो, त्यातली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारा रेग्युलेटर ठणठणीत असतो, तरी जीव कासावीस होतो. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः ऑक्सिजन कमी पडला म्हणून नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. तो साठतो कसा, हे साध्या हिशेबात दिसतं. शांत बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर घशात आणि श्वासनलिकांतच अडकते, वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाही. मिनिटाला १२ श्वास घेतले तर ६ लिटर हवा आत गेली आणि तिच्यातली ४.२ लिटर कामी आली. आता तोच माणूस घाबरला आणि २५० मिलिलिटरचे उथळ श्वास मिनिटाला २४ वेळा घेऊ लागला. हवा तीच ६ लिटर, पण वायुकोशांत पोहोचली फक्त २.४ लिटर. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, धाप वाढते, धापेमुळे श्वास आणखी उथळ होतात. त्यात रेग्युलेटरच्या पोकळीत उरलेली वापरलेली हवा पुढच्या श्वासाबरोबर परत आत येते ती वेगळीच.

या फेऱ्यातून सुटण्याचा उपाय जोरात श्वास ओढणं हा नाही. हालचाल थांबवायची आणि एक लांब, सावकाश उच्छ्वास सोडायचा. फुफ्फुसं रिकामी झाली की पुढचा श्वास आपोआप खोल येतो. पाण्याखाली सावकाशपणाला आणखी एक कारण आहे. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे १० मीटरवर आपण दुप्पट, २० मीटरवर तिप्पट दाट हवा ओढत असतो. दाट हवा घाईने ओढली की नळ्यांमध्ये तिची खळबळ होते आणि छातीच्या स्नायूंना नुसत्या श्वासासाठी जास्त राबावं लागतं.

टँकही याच हिशेबाने संपतो. १२ लिटरचा टँक २०० बार दाबाने भरला की त्यात साधारण २,४०० लिटर हवा मावते. शेवटचे ५० बार राखीव ठेवले तर वापरायला १,८०० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर हवा लागणाऱ्या शांत माणसाला १० मीटरवर ३० लिटर लागेल, त्याला तासभर मिळेल. २० लिटर लागणाऱ्याला पाऊण तास. अनुभवी पाणबुड्याची हवा जास्त वेळ पुरते ती मुख्यतः हातपाय स्थिर आणि श्वास संथ असल्यामुळे.

इथे आपल्याकडच्या वाचकाला प्राणायाम आठवेल, आणि तो आठवावाच. पूरक आणि रेचक यांचा सराव असलेल्या माणसाला पाण्याखाली खरोखर फायदा होतो. कुंभक मात्र किनाऱ्यावरच ठेवून यायचा. टँकमधली हवा घेऊन पाण्याखाली श्वास रोखून धरणं हा स्कुबातला सर्वांत मोठा गुन्हा आहे. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम सांगतो की दाब निम्मा झाला की वायूचं आकारमान दुप्पट होतं. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर तिला दुप्पट जागा हवी असते आणि फुफ्फुसांत ती नसते. वायुकोश फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, मेंदूपर्यंत पोहोचतात. यासाठी दहा मीटर खोलीही लागत नाही. भरल्या छातीने जेमतेम सव्वा मीटरवरून वर येतानाही इजा होऊ शकते. म्हणून तोंडातून रेग्युलेटर निसटला तरी तो परत सापडेपर्यंत ‘आ’ म्हणत बारीक बुडबुडे सोडत राहायचे, हे पहिल्या दिवशीच शिकवतात. आणि म्हणूनच प्रशिक्षकाशिवाय टँक लावून तलावातही उतरायचं नाही.

श्वासाच्या जोडीला येतो मास्क. त्याच्याकडे आपण निव्वळ काच म्हणून पाहतो, तिथेच चूक होते. डोळ्याच्या एकूण भिंगशक्तीतली जवळपास दोन तृतीयांश बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची असते, आणि ती हवा व डोळा यांच्यातल्या फरकावर चालते. डोळ्याला थेट पाणी लागलं की तो फरकच पुसला जातो, सारं धूसर होतं. मास्क डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा धरून ठेवतो. त्या काचेतून मासा खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांशावर आहे आणि एक तृतीयांश मोठा आहे असं दिसतं, म्हणून नवशिक्याचा हात आधी पाण्यालाच लागतो.

पण या कप्प्यावरही दाब चढतो. १० मीटरवर त्यातल्या हवेचं आकारमान निम्मं होऊ पाहतं आणि मास्क चेहऱ्याला खेचू लागतो. नाकातून थोडी हवा आत सोडली की दाब सारखा होतो. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं, त्यामुळे हे करताच येत नाही. तो लावून खोल गेल्यास डोळ्यांतल्या केशवाहिन्या फुटू शकतात. कानांचा दाब जुळवायलाही नाक आतच हवं. मास्कच्या मऊ खोबणीवरून ते चिमटीत धरायचं आणि हळूच फुंकायचं, तेही कान दुखायच्या आधी, उतरायला लागल्यापासूनच.

मास्कमध्ये पाणी शिरणारच. केसांची एक बट, पट्टा जास्त आवळणं, हसणं, एवढं पुरतं. मिशी असेल तर नाकाखालची बारीक पट्टी कातरलेली बरी. पाणी काढायची रीत समजण्यासाठी बादलीत उपडा दाबलेला पेला आठवा: हवा वर अडकून राहते आणि पाण्याला आत येऊ देत नाही. मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, मान किंचित वर करायची आणि नाकातून संथ, लांब उच्छ्वास सोडायचा. हवा वर साठत जाते आणि पाणी खालच्या कडेतून बाहेर ढकललं जातं. एकदम जोरात फुंकलं तर हवा कडांमधून निसटते आणि पाणी तसंच राहतं.

रीत सोपी आहे; अवघड आहे ती प्रतिक्रिया. नाकाला अचानक पाणी लागलं की चेहऱ्याच्या मज्जातंतूंकडून इशारा जातो आणि अंगातून दचकून एक श्वास आत ओढला जातो. तो नाकातून ओढला गेला की ठसका, ठसक्यातून घबराट, आणि घबराटीत माणूस श्वास रोखून वर धावतो. वर सांगितलेली इजा नेमकी अशीच होते. म्हणून मास्कचा सराव आणि श्वासाचा सराव मी वेगळे मानत नाही.

हा सराव नुसत्या मास्क आणि स्नॉर्केलवर सुरू करता येतो. तलावात प्रशिक्षकाला सांगून छातीभर पाण्यात उभं राहा. मास्क न लावता चेहरा पाण्यात ठेवून स्नॉर्केलमधून तोंडाने श्वास घ्या आणि सोडा. टाळूचा मागचा मऊ भाग नाकाची वाट बंद ठेवायला शिकतो, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. पुढे मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन काढा, मग अर्धा भरून, मग पूर्ण भरून. पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संघटनेच्या ओपन वॉटर अभ्यासक्रमात पाण्याखाली मास्कशिवाय एक मिनिट श्वास घेऊन दाखवावा लागतो, तो याचसाठी. श्वास रोखण्याच्या पैजा मात्र तलावात लावू नका. त्याआधी मुद्दाम भराभर श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड इतका उतरतो की श्वास घेण्याची हाक येण्याआधीच शुद्ध हरपते.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथे समुद्रात जाण्याआधी तलावात शिकवतात. ज्यांना चार-पाच दिवस काढता येतात त्यांनी असा पूर्ण अभ्यासक्रम करावा. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकलावी, दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारावं. गोव्याहून विमानाने लखनौला परतणाऱ्यांनी एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास जमिनीवर काढावेत.

आणि ज्यांच्याकडे एकच सकाळ आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी एवढंच विचारावं: खोल नेण्याआधी उथळ पाण्यात मास्क भरून काढायला शिकवणार का, आणि त्यासाठी किती वेळ देणार? उत्तर नकारार्थी असेल, तर त्या होडीत बसू नका.