बफेलोचे चिकन विंग्ज : श्रेय कोणाचे?

अमेरिकेत 'टॅव्हर्न' म्हणजे वस्तीतील साधे मद्यालय. कामावरून परतणारे शेजारी तेथे बिअरसोबत बर्गर, तळलेले मासे असे घरगुती वळणाचे, पोटभरीचे पदार्थ मागवितात. या पदार्थांना तेथे 'कम्फर्ट फूड' म्हणतात. त्यांतील एका प्रसिद्ध पदार्थाचे श्रेय न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या 'अँकर बार'ला दिले जाते.

फ्रँक व टेरेसा बेलिसिमो या दाम्पत्याच्या या बारमध्ये १९६४ मध्ये टेरेसा यांनी कोंबडीचे पंख तळून तिखट सॉसमध्ये घोळविले, असे सांगितले जाते. सोबत सेलरीचे देठ व ब्लू चीजचे ड्रेसिंग असे. तोवर पंखांना फारशी किंमत नव्हती. ते बहुधा सूपासाठी वापरले जात. स्वस्त माल आणि बिअरची तहान वाढविणारा तिखटपणा ही सांगड टॅव्हर्नला सोयीची ठरली. १९७७ मध्ये शहराने २९ जुलै हा 'चिकन विंग दिन' जाहीर केला.

मात्र त्याच शहरात, त्याच दशकात जॉन यंग हे कृष्णवर्णीय व्यावसायिक पिठात घोळवून तळलेले अख्खे पंख 'माम्बो सॉस'सह विकत होते. १९७० मध्ये त्यांनी बफेलो सोडले आणि त्यांचे नाव मागे पडले. १९८० मध्ये 'द न्यूयॉर्कर'मधील लेखात काल्विन ट्रिलिन यांनी त्यांचा दावा नोंदविला. दोघांच्या पाककृती वेगळ्या होत्या. कीर्ती मात्र एकाच्याच वाट्याला आली.

आज हे पंख स्वस्त राहिलेले नाहीत. त्यामुळे श्रेयाचा प्रश्नही केवळ चवीपुरता उरलेला नाही.